सेवाभावाची हजेरी

आपल्याकडे वर्षातून तीनदा एकच भांडण नव्याने होतं. १२ मे परिचारिका दिन, १ जुलै डॉक्टर दिन, ५ सप्टेंबर शिक्षक दिन. व्यासपीठावरचे पाहुणे सांगतात की आजच्या मुलांत सेवाभाव उरला नाही, प्रवेश घेतानाच पगार किती म्हणून विचारतात. खाली बसलेली मुलं टाळ्या वाजवतात आणि रात्री मोबाईलवर लिहितात, सेवा-बिवा काही नाही, हा आमचा पेशा आहे, सेवेच्या नावाखाली राबवून घेणं थांबवा. त्यावर निवृत्त मंडळी ‘आमच्या वेळी’ सुरू करतात आणि दोन-तीन दिवसांनी सगळं शांत होतं. सोलापुरात हे भांडण जरा जास्त रंगतं. डॉक्टरकी, नर्सिंग, बी.एड., समाजकार्य असं सगळं शिकायला इथे आजूबाजूच्या जिल्ह्यांतून मुलं येतात, आणि चीनमध्ये जाऊन तिथल्या रुग्णांसाठी खपलेल्या आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा शहराला अभिमान आहे. कोटणीसांचं नाव काढलं की समोरचा गप्प बसतो, हे वक्त्यांना अनुभवाने ठाऊक झालेलं असतं.

या वादात दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण एकाच चुकीच्या जागी उभं राहून. दोघांनाही विद्यार्थ्याच्या मनात डोकावायचं असतं. तिथे त्यागाची ज्योत आहे का, असं एक विचारतो. नसली तर बिघडलं काय, असं दुसरा. माझ्या मते कुणाच्या मनात किती सेवाभाव आहे हा चारचौघांत चर्चा करण्याचा विषयच नाही. विचारायचं ते वेगळंच आहे. आपण कुणाला जाब देणं लागतो, याबद्दल या मुलांची काय समजूत होते, आणि ती समजूत कोण घडवतं? मदत करण्याच्या पेशात शिरणाऱ्या मुलाने स्वतःकडे दाता म्हणून पाहिलं, तर समोरचा आपोआप याचक होतो. याचकाला तक्रार करता येत नाही. म्हणून पगार विचारणारा विद्यार्थी मला धोक्याचा वाटत नाही. आपण उपकार करायला निघालो आहोत अशी ज्याची खात्री पटली आहे, त्याची मला जास्त धास्ती वाटते.

सेवाभावाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे दोन मुद्दे मात्र खरोखर वजनदार आहेत, आणि मुलं ते थट्टेवारी नेतात हे बरं नाही. पहिला मुद्दा पैशांचा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातली जागा विद्यार्थ्याने भरलेल्या फीवर चालत नाही. सोलापुरात १९६३ पासून चालत आलेल्या डॉ. वैशंपायन स्मृती महाविद्यालयाचा खर्च जनतेच्या तिजोरीतून होतो, आणि त्या तिजोरीत विडी वळणारी बाई काडेपेटी घेतानाही भर घालत असते. शिवाय ती आणि तिच्यासारखे हजारो रुग्ण आपलं शरीर शिकाऊ हातांखाली देतात. पहिलं सलाइन नीट लागेपर्यंत किती जणांना सुई टोचली जाते, याचा हिशेब कुठल्याही फीच्या पावतीवर नसतो. हे ऋण आहेच. दुसरा मुद्दा याहून अवघड. पहाटे तीनला वॉर्डात पाहणारं कुणी नसतं. म्हाताऱ्याची ओली चादर तेव्हाच बदलायची की सकाळच्या पाळीवर ढकलायची, हे कुठल्याही करारात लिहिता येत नाही. मागच्या बाकावरच्या ज्या मुलीला अजून जोडाक्षरं येत नाहीत, तिच्यापाशी आणखी दहा मिनिटं बसायचं की घंटा झाली म्हणून उठायचं, हेही नाही. नियमाच्या काठावर थांबणारा माणूस या पेशांत अपुराच पडतो. ‘आठ तास, तेवढंच काम’ म्हणणाऱ्यांकडे याचं उत्तर नाही, आणि त्यांनी ते आहे असं भासवूही नये.

पण हे दोन्ही मुद्दे मान्य केले म्हणून सेवाभावाच्या भाषणाला बळ येत नाही. ऋण असेल तर ते नियमाने वसूल करावं. एम.बी.बी.एस. झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा, असा बंधपत्राचा रस्ता आपल्याकडे आहेच. तो नीट चालत नसेल तर का, ते पाहावं. आरोग्य केंद्रात राहायला क्वार्टर आहे का, औषधं आहेत का, रात्री एकट्या मुलीने ड्यूटी करावी अशी ती जागा आहे का? ते न पाहता मुलांच्या संस्कारांवर घसरणं म्हणजे सावकाराने वहीच उघडायची नाही आणि कुळाला चावडीवर शिव्या घालायच्या, तसला प्रकार. पहाटे तीनच्या चादरीचंही तसंच. एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असेल, तर तिच्या मनात कितीही माया असली तरी ती माया चौथ्या खाटेपाशीच संपणार. माया आटली म्हणून काम बिघडतं, असं आपण धरून चालतो. काम असह्य झाल्याने माया आटते, हा उलटा क्रम मला जास्त वेळा दिसला आहे. पहिल्या वर्षाची मुलगी आजीबाईंचे केस विंचरून देते. तीच तिसऱ्या वर्षी त्यांच्याकडे न बघता टेंपरेचर लिहिते. या दोन वर्षांत तिचे संस्कार कुणी चोरून नेले नाहीत.

आता ‘आमच्या वेळी’ या शब्दांकडे वळू. महाराष्ट्रात त्यागाची थोर परंपरा आहे, यात वादच नाही. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी वीस-वीस वर्षं दरमहा पंचाहत्तर रुपयांवर शिकवण्याचं व्रत घेतलं. गोपाळ कृष्ण गोखले त्यातलेच, पुढे १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज काढला. पण या व्रताची दोन अंगं भाषणांत गळून पडतात. एक म्हणजे पंचाहत्तर रुपये ही तेव्हाच्या गिरणी कामगाराच्या कमाईच्या कितीतरी पट रक्कम होती. विद्वत्तेच्या मानाने ती तुटपुंजी होती, पोटाच्या मानाने नव्हे. दुसरं असं की ते व्रत जाणत्या माणसांनी स्वतःपुरतं, स्वखुशीने घेतलेलं होतं. आणि एवढं असूनही किती त्याग म्हणजे पुरेसा त्याग, यावर त्या थोरांचंही एकमत झालं नाही! आजीव सदस्यांनी बाहेरची मिळकत करावी की नाही, हा टिळकांच्या आणि सहकाऱ्यांच्या भांडणातला एक मोठा मुद्दा होता. १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. टिळक-आगरकर-गोखल्यांच्या पिढीला जो हिशेब सुटला नाही, तो एकोणीस वर्षांच्या नर्सिंगच्या मुलीने स्टायपेंडचा प्रश्न न विचारता सोडवावा, अशी आपली अपेक्षा.

मधल्या काळात आपण एक चलाखीही केली. स्वतःपुरतं घेतलेलं व्रत दुसऱ्यावर लादायची नोकरीची अट करून टाकली. २००० साली शिक्षण सेवक योजना आली. तीन वर्षं पूर्ण काम आणि प्राथमिकला महिना तीन हजार मानधन. पुढे ते सहा हजार झालं, आणि सोळा हजार व्हायला २०२३ उजाडलं. २००५ नंतर गावोगाव ‘आशा’ या आरोग्य कार्यकर्त्या आल्या. बाळंतिणीला दवाखान्यात नेण्यापासून सर्वेक्षणापर्यंत सगळं त्यांच्या गळ्यात, पण कागदावर त्या स्वयंसेविका. म्हणून पगार नाही, मोबदला. इंजिनियर सेवक, लेखापाल सेवक अशी योजना कुणाला का सुचली नाही? जिथे बायका जास्त आहेत आणि माघारी जाण्यासारखं घर नाही, तिथेच सेवेची शिकवण इतक्या सढळ हाताने का वाटली जाते? मुलं चिडतात ती इथे, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे.

सोलापुरात तर हे आणखी टोचतं. इथे नर्सिंगला, बी.एड.ला, समाजकार्याला येणाऱ्या कितीतरी मुली शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या वस्तीतल्या आहेत. घरात आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात. काही मुली अक्कलकोट-मंगळवेढ्याकडच्या कोरडवाहू शेतातून आलेल्या. त्यांच्या शिक्षणाचा पैसा अक्षरशः हजार-हजार विड्यांच्या हिशेबाने उभा राहिलेला असतो. अशा मुलीला ‘पगाराकडे पाहू नकोस’ म्हणणं याचा साधा अर्थ ‘तुझी आई अजून काही वर्षं वळत राहू दे’ असा होतो. त्यागाचा उपदेश करणाऱ्याने हा हिशेब मोठ्याने करून दाखवावा. या मातीतली जुनी शिकवणही अशी एकांगी नाही. बाराव्या शतकात सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी लोकांना सोबत घेऊन तळं खोदलं. बसवेश्वरांच्या परंपरेतल्या शरणांनी कायक आणि दासोह एकत्र सांगितले, आधी स्वतःच्या श्रमाची भाकरी आणि मग त्यातून देणं. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनात बायका नर्सिंग शिकल्या तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, पण त्या शिकण्यातून त्यांच्या हातात स्वतःची कमाई येणार होती. सेवा आणि मिळकत यांचं वैर नंतर कुणाच्या तरी सोयीने लावलं गेलं.

इथवर वाचून मुलं खूश झाली असतील, तर थोडं थांबावं. ‘हा आमचा पेशा आहे’ एवढं म्हटल्याने ती सुटत नाहीत. पेशा म्हणजे फक्त नोकरीची शर्त असेल, तर कुणाच्याही हुकमाखाली तो सफाईने करता येतो. सोलापूरकरांना याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही, सेटलमेंट हे नाव अजून शहराच्या तोंडी आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचं जाळं पुढे आपल्या भागातही पसरलं. माणसं जन्मामुळे गुन्हेगार ठरली, कुंपणात ठेवली गेली, त्यांची हजेरी घेतली गेली. पण ते कुंपण नुसतं तुरुंगासारखं नव्हतं. आत शाळा होती, कामाची शिस्त होती, ‘सुधारणा’ होती. ती राबवणाऱ्यांत मनाने दुष्ट असलेले थोडेच असतील. बहुतेकांना आपण या लोकांचं भलं करतो आहोत असं मनापासून वाटत असणार. देशभरातला तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. त्या तारेच्या आत सेवाभाव होता आणि पेशाची शिस्तही होती. नव्हतं ते एकच, आतल्या माणसाचा जाब विचारण्याचा हक्क. आजच्या वादात दोन्ही बाजूंना ज्याची आठवण होत नाही, तो नेमका हाच.

मग या मुलांनी आपली भूमिका काय समजावी? १७०० साली इटलीत रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने आपल्या व्यवसायबंधूंना सुचवलं की रोग्याला विचारायच्या नेहमीच्या प्रश्नांत आणखी एक घाला, तू काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षं झाली. आजही ओपीडीत खोकत आलेल्या बाईच्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात बऱ्याचदा ‘गृहिणी’ लिहिलेलं सापडतं. विचारलं तर ती बाईही ‘घरीच असते’ म्हणते, कारण ती घरीच असते हे खरं आहे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला कापलेली पानं, आणि सकाळपासून वाकलेली मान. तंबाखूची धूळ तिच्या छातीत आणि तिच्याच खोलीत झोपलेल्या लेकराच्या छातीतही जाते. खोकल्याचं औषध देऊन तिला परत त्याच सुपापाशी पाठवणारा डॉक्टर उद्धट नसतो, लोभीही नसतो. त्याने प्रश्न विचारलेला नसतो, इतकंच. त्याला तेलुगूची चार वाक्यं येत नसतात आणि तिला मराठीत धूळ-दम यापलीकडे सांगता येत नाही. ‘विडी कामगार’ हे दोन शब्द कागदावर आले तर गोष्टी बदलतात. तपासणीची दिशा बदलते. विडी कामगारांसाठीचे कायदे, ओळखपत्र, मुलांची शिष्यवृत्ती यांच्याशी तिचा धागा जुळतो. तो धागा जुळवणं हे समाजकार्याच्या विद्यार्थ्याचं काम, तिच्या मुलीची शाळेतली गैरहजेरी पानं कापण्यामुळे आहे हे ओळखणं शिक्षकाचं काम, आणि या तिघांच्या मधे दिवसभर खाटेपाशी असल्यामुळे सगळ्यात आधी जिच्या कानावर हे पडतं ती नर्स. यात त्यागाचा प्रश्न कुठे आला? हे कौशल्य आहे. ते शिकवता येतं, तपासता येतं, त्याला गुण देता येतात. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची पहिली शाळा निघाली, तीच मुळी भल्या मनाला शिक्षणाची जोड लागते या समजुतीवर.

आणि आपण प्रत्यक्षात काय शिकवतो? समाजकार्याच्या मुलाला फील्डवर्कसाठी रुग्णालयात पाठवतो, तिथे त्याला रांग सरळ करायला उभं करतात. संध्याकाळी तो ‘सामाजिक वैयक्तिक कार्याची तत्त्वे उपयोजिली’ असं रेकॉर्डिंग लिहितो आणि त्यावर सही होते. बी.एड.ची मुलगी तीन रंगांच्या पेनांनी पाठ टाचण सजवते. वर्गातली निम्मी पोरं घरी कन्नड बोलतात, हे त्या टाचणात कुठेच नसतं. नर्सिंगच्या मुलींचं सांगायलाच नको. ड्यूटीच्या यादीत त्या विद्यार्थिनी असतात, वॉर्डात मात्र रिकाम्या जागा भरणारे हात. रात्रपाळी करून आलेली मुलगी सकाळच्या लेक्चरला डुलकी घेते आणि वर ‘गांभीर्य नाही’ म्हणून ऐकून घेते. माणूस आपली समाजातली भूमिका शपथविधीच्या मेणबत्तीतून शिकत नाही, त्याला कसं वापरलं जातं त्यातून शिकतो. जिथे तीन वर्षं आपला प्रश्न कुणी ऐकला नाही, तिथून बाहेर पडलेली मुलगी रुग्णाचा प्रश्न ऐकेल, हे गृहीत धरणं मोठं धाडसाचं आहे. ही मुलं मुलाखतीत ‘मला समाजाची सेवा करायची आहे’ असं सांगतात तेव्हा खोटं बोलत नसतात. तेवढंच वाक्य चालतं, हे त्यांना कुणीतरी पढवलेलं असतं.

यावर शेवटचा आक्षेप नेहमी असा येतो की ही सगळी राजकारणाची भाषा झाली. हक्क, जाब, कायदा. मुलांनी शिकावं की मोर्चे काढावेत? मला यातली काळजी कळते. आंदोलनाच्या दिवशी ओपीडी बंद पडते तेव्हा कळंबहून, इंडीहून पहाटेच्या गाडीने आलेला माणूस परत जातो, आणि त्याचं झालेलं नुकसान कुठल्याही घोषणेने भरून निघत नाही. संप करणाऱ्यांनी हा माणूस हिशेबात धरलाच पाहिजे. पण राजकारणाचा विटाळ मानणाऱ्यांनी निदान कोटणीसांचं नाव घेऊ नये. १९३८ साली कोटणीस चीनला गेले ते एकट्याच्या अंतःप्रेरणेने, हिमालयात निघाल्यासारखे गेले नाहीत. चिनी सेनानी चू तेह यांनी नेहरूंकडे मदत मागितली, काँग्रेसने पथक पाठवायचं ठरवलं, सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते, लोकांनी वर्गणी दिली आणि पाच डॉक्टर निघाले. ही सरळ राजकीय मोहीम होती. तिथे गेल्यावर त्यांनी नुसत्या शस्त्रक्रिया केल्या नाहीत. चिनी भाषा शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवलं, रुग्णालयाची जबाबदारी घेतली, आणि १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेले ते त्या देशाच्या कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य म्हणून. त्यांचा पक्ष पटो न पटो. पण आपण कुणाच्या बाजूने उभे आहोत हे ज्या माणसाने इतकं स्पष्ट ठरवलं, त्याला गळ्यात हार घालून ‘प्रश्न न विचारणाऱ्या सेवेचा’ आदर्श म्हणून उभं करायचं, हे त्यांच्याच गावात तरी होऊ नये.

ज्या प्राचार्यांना एवढंही राजकारण वाटतं, त्यांच्यासाठी एक अगदी बिनराजकारणी काम आहे. नर्सिंगच्या, समाजकार्याच्या, बी.एड.च्या मुलांचं वेळापत्रक दोन रकान्यांत फलकावर लावा. एका रकान्यात ज्या तासांत त्यांना कुणी शिकवत होतं ते तास, दुसऱ्यात ज्या तासांत ती कुणाची तरी रिकामी जागा भरत होती ते. खाली मुलांची सही. दुसरा रकाना मोठा निघाला तर त्या तासांचे पैसे द्या, नाहीतर ती जागा भरा. तपासणी समिती येते तेव्हा तिच्यापुढे रांगोळी, सरस्वतीचा फोटो आणि फुलांचे गुच्छ मांडले जातात. त्याआधी हा फलक तिने पाहायला मागावा.